पाणवठ्यावरची खुर्ची

"वहिनी, पिक्चरमध्ये तुम्ही फार रडता म्हणे!"

अत्तरदे सरांच्या मळ्यात आमची स्कूटर अजून धड उभीही राहिली नव्हती, तोच सरांच्या पत्नी रजनीवहिनींनी हेमलताला हे ऐकवलं. त्यांच्या हातात पुऱ्यांच्या पिठाची परात होती आणि चेहऱ्यावर निखळ कौतुक होतं. हेमलतानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी स्कूटरच्या स्टँडकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून माझ्या बायकोनं टॉकीजची पायरी चढलेली नव्हती.

"कोण म्हणालं?" तिनं विचारलं.

"अहो, सगळी स्टाफरूम म्हणते! आमचे हे घरी येऊन सांगतात ना. भंगाळेवहिनींनी या खेपेला दोन रुमाल भिजवले, भंगाळेवहिनी मध्यंतरातच म्हणाल्या, चला घरी, मला नाही बघवत. मी यांना म्हणते, बघा जरा! भंगाळे सर दर रविवारी बायकोला पिक्चरला नेतात, आणि तुम्ही मला नेता कुठे, तर वांगी बघायला."

मी घसा खाकरला. घसा खाकरून सुटका होईल अशी ती परिस्थिती नव्हती.

"हो ना," पदर खोचत हेमलता म्हणाली. "डोळ्यांचा त्रासच आहे मला. द्या ती परात इकडे."

आणि दोघी बाभळीखालच्या चुलीकडे निघून गेल्या. जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं एकदा तरी पाहायला हवं होतं, म्हणजे निदान कितपत पाणी डोक्यावरून गेलंय ते कळलं असतं.

झालं होतं ते असं. चाळीसगावात तेव्हा दोनच टॉकीज. एक जुनी आणि एक नवी. नवीला चाळीस वर्षं झाली होती. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सोमवारच्या मधल्या सुट्टीत चहाबरोबर रविवारच्या पिक्चरचा निकाल लागायचा, आणि निकाल लावायचा मान माझा होता. अर्थशास्त्र शिकवून आयुष्यात मिळालेला तेवढाच मान. लोक आपापली मतं सांगून झाली की कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "भंगाळे सर, तुम्ही बोला."

मी बोलायचो. अडचण एवढीच होती, की मी पिक्चर पाहिलेला नसायचा.

यात पैशाचा प्रश्न नव्हता. तीन तास अंधारात तोंड मिटून बसणं मला जमतच नाही. मी प्राध्यापक आहे. गप्प बसणं हे समोरच्यांचं काम. तरुणपणी दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला, पण मागच्या रांगेतल्यांनी माझं विवेचन ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून मी निराळी पद्धत बसवली होती. रविवारी संध्याकाळी फिरायला म्हणून घरातून निघायचं आणि तीनचा खेळ सुटायच्या सुमाराला टॉकीजसमोरच्या पानपट्टीवर उभं राहायचं. सुटलेली गर्दी फार बोलकी असते. "मारामारी जोरात आहे पण गाण्यांनी घाण केली." "पहिला अर्धा चांगला, नंतर ओढलाय." "सासू काय काम करते हो!" असं पाच-सात जणांचं पदरात पडलं, की त्याला थोडी फोडणी द्यायची. गाण्यांनी घाण केली याचं सोमवारी व्हायचं, "संगीत कथेच्या विरोधात उभं राहतं." पुन्हा लागलेला जुना पिक्चर असेल तर आणखी सोपं. त्या वेळी माणसं साधी होती, एवढं म्हटलं की पन्नाशीपुढचे सगळे आपल्या बाजूला.

आणि एकट्यानं पिक्चरला जाणारा पोक्त प्राध्यापक चमत्कारिक दिसतो, म्हणून मी "आम्ही दोघं" म्हणायचो. आम्ही दोघं गेलो होतो. पुढे पुढे नुसत्या जाण्यावर भागेना. मग हेमलता रडायला लागली, नायकाच्या जुळ्या भावांत गोंधळायला लागली, तिला खलनायकाची दया यायला लागली. "ही मला विचारते, मेला का हो तो? मी म्हटलं, अगं, तो पिक्चरचा निर्माता आहे, तो कसा मरेल?" स्टाफरूम खो खो हसायची. तिचा आणखीही एक उपयोग होता. एखाद्या मताची खात्री नसली की मी ते तिच्या नावावर टाकायचो. चुकलं तर हिचं, जमलं तर माझं.

लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं तीन-चार वेळा विचारलं होतं, पिक्चरला जायचं का म्हणून. माहेरी भुसावळला ती बहिणींबरोबर दर आठवड्याला जायची. मी सांगितलं, "इथल्या खुर्च्यांत ढेकूण आहेत." पुन्हा तिनं विचारलं नाही. ढेकणांवर तिचा विश्वास बसला असं मी धरून चाललो होतो.

तर अशा परिस्थितीत मी त्या दिवशी भरीत पार्टीला उभा होतो. आमच्याकडे थंडी पडली, की वांगी भाजायला मळ्यात जमायचं आणि भरीत पुरुषांनी करायचं अशी पद्धत आहे. वर्षभर पाण्याचा पेला स्वतः न घेणारी माणसं त्या दिवशी हिरवी मिरची किती घालायची यावर भांडतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून अत्तरदे सर वांगी उलटी-सुलटी करत होते. ते इतिहासाचे, प्रत्येक गोष्ट शेवटी जळून खाक होते हे त्यांना आधीपासून ठाऊक असल्यासारखे निवांत. त्यांच्या शेजारी वनस्पतिशास्त्राचा झांबरे. वयानं लहान, अजून बिनलग्नाचा, जिभेनं धारदार. सोमवारच्या निकालात तो एकटाच अधूनमधून मला उलट प्रश्न विचारायचा.

"नव्या टॉकीजचा पाहिला का, सर?" वांग्याचं देठ धरत झांबरे म्हणाला.

"आम्ही दोघं..." म्हणून मी थांबलो. बाभळ फार लांब नव्हती. आवाज खाली आणून म्हणालो, "पाहिला. ठीक आहे."

"नुसतं ठीक?"

"पोलीस शेवटी येतात, हे पोलिसांचं नव्हे, दिग्दर्शकाचं अपयश आहे."

अत्तरदे हसले. "मला तर बुवा आवडला. कोर्टाचा सीन काय आहे!"

"कोर्टाचा सीन आहे म्हणूनच तो पिक्चर आहे," मी म्हणालो. "नाहीतर ती नुसती फिर्याद."

हे बरं जमलं. माझा मीच सावरलो. तेवढ्यात झांबरेनं अगदी सहज, वांग्याला बोलल्यासारखं विचारलं, "सर, मागच्या रविवारी तुम्ही जळगावला होता ना?"

"होतो. हिच्या भाचीचा साखरपुडा होता."

"मग 'पाणवठ्यावरची खुर्ची' चुकला असेल तुमचा. तिथल्या फिल्म सोसायटीनं सकाळी दाखवला म्हणे. जुना, कृष्णधवल. पुन्हा कुठे बघायला मिळायचा नाही."

मला इथे "चुकला" म्हणता आलं असतं. साखरपुडा हे सबळ कारण होतं. त्या दिवशी सकाळपासून मी मठ्ठ्याच्या पातेल्याजवळ उभा होतो, हे पन्नास माणसांनी पाहिलं होतं. पण झांबरेच्या आवाजात किंचित कणव होती. एखाद्याची गाडी चुकल्यावर वाटावी तशी. ती मला सोसली नाही.

"चुकतोय कसला?" मी म्हणालो. "साखरपुडा दुपारचा. सकाळी आम्ही दोघं जाऊन आलो."

"काय सांगता!" अत्तरदे वांगं सोडून माझ्याकडे वळले. "मग? कसा आहे?"

"संथ आहे," मी म्हणालो. जुना, कृष्णधवल आणि फिल्म सोसायटीनं दाखवलेला पिक्चर दुसरा कसा असणार? "पण तो संथपणा पाण्याचा आहे."

"वा," झांबरे म्हणाला.

"आपल्याकडे कॅमेरा माणसाच्या मागे पळतो. इथे कॅमेरा थांबतो आणि माणसं येतात-जातात."

"आणि ती खुर्ची, सर? बराच वेळ रिकामीच असते ना?"

"रिकामी असते म्हणूनच ती बोलते."

झांबरेनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. धूर फार झाला होता, मी म्हटलं धुरानं ठसका लागला असेल. अत्तरदे अकारण वांगी मोजायला लागले.

"सत्तेचं प्रतीक आहे का हो ती?" झांबरेनं डोळे पुसत विचारलं.

"सत्तेचं म्हणा, एकटेपणाचं म्हणा. चांगलं प्रतीक कुणालाही नाही म्हणत नाही."

एव्हाना बाभळीखालून रजनीवहिनी आणि हेमलता पुऱ्यांचं ताट घेऊन येत होत्या. रजनीवहिनींनी पदर तोंडाला लावला होता. हेमलता नेहमीसारखीच दिसत होती. कपाळावर घाम, हाताला पीठ. ती फक्त "कुठला पिक्चर?" एवढं म्हणाली असती तरी माझा अनेक वर्षांचा सोमवार तिथेच संपला असता. मी घाईनं विषय बदलला, "पुऱ्या काय फुगल्यात!" पण झांबरे उठून उभाच राहिला.

"वहिनी, बरं झालं आलात. सर आत्ताच 'पाणवठ्यावरची खुर्ची'बद्दल सांगत होते. तुम्हीही होता ना?"

हेमलतानं ताट खाली ठेवलं. सावकाश ठेवलं. पुरी घसरत होती, ती नीट लावली.

"होते की," ती म्हणाली.

शेतात वारा पडल्यासारखं झालं. रजनीवहिनींच्या तोंडावरचा पदर तिथेच राहिला. मी माझ्या बायकोकडे आ वासून पाहत होतो. ही बाई दूधवाल्यालाही कधी खोटं सांगत नाही. शेजारच्यांनी वर्गणी मागितली तर आत लपून "घरी नाही म्हणून सांग" असं मी म्हणायचो, आणि ही बाहेर जाऊन सांगायची, "आत आहेत, पण द्यायची नाही म्हणतात."

"मग... आवडला का?" झांबरेचा आवाज उतरला होता.

"आवडला. साधा आहे." हाताचं पीठ झाडत ती बोलायला लागली. "एक माणूस असतो. रोज पाणवठ्यावर खुर्ची टाकून बसतो, आणि पाण्याला येणाऱ्या बायकांना आपल्या बायकोच्या गमती सांगतो. ती अशी वेंधळी, ती अशी रडकी, तिला असं काही कळत नाही. सगळ्या बायका हसतात. कुणी विचारतं, एकदा दाखवा तरी तिला. तो म्हणतो, दाखवीन."

काड्या तेवढ्या तडतडत होत्या.

"आणि शेवट?" रजनीवहिनींनी विचारलं. त्यांचा पदर आता खाली आला होता.

"शेवटी एक बाई घागर घेऊन येते. तो तिलाही तीच गोष्ट सांगतो. ती ऐकून घेते, हसते, घागर उचलते आणि निघून जाते. ती त्याची बायकोच असते. त्याला ओळखू येत नाही." ती थोडं थांबून म्हणाली, "तेवढंच. संपतो तिथे."

आज इतक्या वर्षांनी मी ती जागा आठवतो, तेव्हा मला मळा दिसत नाही, धूर दिसत नाही. फक्त चार माणसं माझ्याकडे न बघायचा किती आटापिटा करत होती ते दिसतं. तेव्हा मला यातलं काही दिसलं नाही. तेव्हा मला एवढंच दिसलं, की मी वाचलो. एवढंच नाही, तर पिक्चर खरोखर चांगला निघाला होता. आणि चांगल्या पिक्चरचा शेवटचा शब्द मी दुसऱ्याला कधी घेऊ दिलेला नव्हता.

मी हसलो.

"हिला शेवट नीट कळलेला नाही," मी म्हणालो. "आमच्या हिचं असंच आहे. अगं, ती त्याची बायको नसतेच! ते प्रतीक आहे. ती नदी आहे नदी. पण हिला प्रत्येक बाईत बायकोच दिसते. बाहेर आल्यावरसुद्धा रुमाल..."

पुढचं माझं मलाच ऐकू आलं, कारण दुसरा काहीच आवाज नव्हता. हमखास हशा पिकायच्या जागी अत्तरदे सर एका वांग्याचं साल सोलत होते. ते आधीच सोललेलं होतं.

"असेल," हेमलता म्हणाली. "मला कुठे एवढं कळतं? जेवून घ्या, पुऱ्या गार होतील."

भरीत फार चांगलं झालं होतं, असं सगळे पुन्हा पुन्हा म्हणाले. झांबरेनं हेमलताला स्वतः उठून वाढलं. दोनदा "वहिनी, अजून घ्या" म्हणाला. निघताना रजनीवहिनींनी तिचे दोन्ही हात धरले आणि काही न बोलता सोडले. मी मनात म्हटलं, पिक्चरचा परिणाम. चांगल्या समीक्षेनं माणसं अशी गंभीर होतात.

परतताना उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेला केळीच्या बागा. हेमलता मागे बसली होती. मला तिचं मनापासून कौतुक वाटत होतं, आणि ते मी बोलूनही दाखवलं.

"काय सांभाळून घेतलंस! मला तर वाटलं, आता संपलं. पण तुला त्या पिक्चरची गोष्ट कुठून कळली गं? मासिकात वाचलीस?"

एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली.

"असा पिक्चर नाहीच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"झांबरेसरांनी शुक्रवारी बसून नाव काढलं. अत्तरदेसर म्हणाले, खुर्ची घाला, खुर्चीवर ते हमखास बोलतील. रजनीवहिनींनी पुऱ्या लाटताना मला सांगितलं. त्यांना वाटलं, मला पण गंमत वाटेल. म्हणाल्या, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, आम्ही कुठे गेलो होतो?"

मी स्कूटर बाजूला घेतली. घेतली म्हणजे ती आपोआप कडेला गेली आणि थांबली.

"मग तू... का म्हणालीस तसं?"

"काय करू मग? उभी राहून बघू, सगळे तुम्हाला हसताना?"

मी समोरच्या केळींकडे पाहत बसलो. म्हणजे वांगी मोजणारे अत्तरदे, खांदे हलवणारा झांबरे, तोंडाला पदर लावलेल्या रजनीवहिनी. सगळ्यांना ठाऊक होतं. हेमलताला ठाऊक होतं हेही त्यांना ठाऊक होतं. आणि त्या सगळ्यांच्या देखत, माझ्यासाठी खड्ड्यात उतरून उभ्या राहिलेल्या बाईला मी नदी आणि प्रतीक समजावून सांगत होतो.

"मी शेवट तरी बरा केला होता," मागून ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुम्ही तोही काढून घेतलात."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात प्रथमच आत काही तयार नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "आम्ही दोघं जायचो तिथे, खुर्च्यांत ढेकूण होते का हो?"

मी किक मारली. ती तीनदा बसली नाही.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये गेलो तेव्हा सगळे पिक्चरवरच बोलत असावेत, कारण मी आत येताच ते वेळापत्रकावर बोलायला लागले. झांबरेनं उठून मला खुर्ची दिली. ती खुर्ची घेताना मला जे वाटलं ते झांबरेलाही वाटलं असावं, कारण तोही लाल झाला. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही, बाहेर अक्षर फुटलं नाही. हेमलतानं शब्द दिला होता की तो पिक्चर होता, आणि तिच्या शब्दाखातर तो पिक्चर तसाच ठेवण्यात आला. मला कुणी उघडं पाडलं नाही. फक्त त्यानंतर, निवृत्त होईपर्यंत, "भंगाळे सर, तुम्ही बोला" असं कुणी म्हटलं नाही. चहा मात्र मला सगळ्यांत आधी मिळायचा. ज्याच्या घरी नुकतंच काही झालंय त्याला देतात तसा.

पुढच्या रविवारी मी नव्या टॉकीजची दोन तिकिटं आणली आणि तिच्यासमोर ठेवली. तिनं ती उचलून पाहिली.

"आजची आहेत?"

"हो. तीनचा खेळ."

"माझं रजनीवहिनींशी बुधवारचं ठरलंय," ती म्हणाली. "पण फुकट नका घालवू. तुम्ही जाऊन या."

मी गेलो. एक खुर्ची माझी आणि एक रिकामी. तीन तास तोंड मिटून बसलो आणि पिक्चर पूर्ण पाहिला. आता त्यातलं काही आठवत नाही. ढेकूण नव्हते एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकतो.

बुधवारी ती जाऊन आली. स्वयंपाकघरात कणीक तिंबता तिंबता मध्येच एकटीच हसली. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"कसा होता?"

"बघितलाय की तुम्ही. तुम्हीच सांगा."

मला सांगता आलं नाही. पुढे दर बुधवारचंच झालं. नवा असो की पुन्हा लागलेला जुना, त्या दोघी जायच्या. घरी आल्यावर मी विचारायचो, ती "बघा आणि सांगा" म्हणायची आणि कुकर लावायची. तिला काय आवडतं, कशाचा कंटाळा येतो, ती खरंच रडते की नाही, हे रजनीवहिनींना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं तिची मतं गावाला सांगणाऱ्या मला तिचं एकही मत ठाऊक नव्हतं.

शेवटी एका बुधवारी मला राहवलं नाही. कॉलेजातून लवकर निघालो आणि पानपट्टीसमोर माझ्या जुन्या जागी जाऊन उभा राहिलो. खेळ सुटला. नेहमीसारखी गर्दी बाहेर आली, नेहमीसारखी बोलत. "गाणी चांगली आहेत." "हिरॉईन सुकलीये." माझं तिकडे लक्ष नव्हतं. मग त्या दोघी आल्या. हेमलता हातवारे करत काही सांगत होती. इतकी भरभर, इतकी मोठ्यानं बोलताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं, आणि रजनीवहिनी पोट धरून हसत होत्या. माझ्यापासून हाताच्या अंतरावरून त्या गेल्या. "बाकी काही म्हणा," हेमलता म्हणत होती, "पण शेवट मला..." आणि तिची नजर माझ्यावर पडली.

ती थांबली नाही. हसली, रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की हसतात तेवढंच. पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि रजनीवहिनींचा हात धरून रस्ता ओलांडून निघून गेली. शेवट तिला कसा वाटला, ते रिक्षाच्या आवाजात गेलं.

"कोण होत्या हो सर?" पानाला चुना लावता लावता पानवाल्यानं विचारलं. "तुमच्याकडे बघून हसल्या."

आमची ही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्यानं पान पुढे केलं, ते मी तोंडात घातलं.